दारं धर, मंजुळा

पुसेगावची धुरपता लग्न होऊन डोंगरकड्याला आली, ती गळ्यात सवत घालूनच. हे बोलायचं म्हणून बोलणं नव्हे. सटवाजीची पहिली बायको मंजुळा पटकीच्या साथीत दीड दिवसात गेली होती, आणि बिजवराशी लग्न लागलेल्या बाईनं मेलेल्या थोरलीचा टाक गळ्यात घालायची तिकडं रीत होती. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. दोन हात, दोन पाय, नाकडोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. सोनारानं काही मंजुळेला पाहिलेलं नव्हतं, तरी धुरपताला वाटायचं की ही बया आपल्याकडं बघून हसते. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं. कुंकू आधी टाकाला. पुरणपोळीचा पहिला घास टाकापुढं. सासू सांगायची, थोरलीचा मान हाय, तिला चुकवलं तर ती तुला नांदू देणार न्हाई.

धुरपता चौघी बहिणींतली धाकटी. सावळी, काटक, कामात कुणाला हार न जाणारी. पण जन्मापासून तिच्या वाट्याला जे आलं ते कुणाचं तरी वापरून झालेलं. बहिणींचे परकर, बहिणींच्या चोळ्या, बहिणींचा भातुकलीचा पाटा, तोही खेळून खेळून फुटलेला. आता नवराही तसाच आला म्हणून बहिणी हसल्या होत्या. ती हसली नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं की मेलेली बाई शेवटी मेलेलीच असते, चार महिन्यांत तिला या घरातून पुसून काढू. पोरीचं वय ते, काहीही वाटतं.

आणि टाकाचं एक बरं होतं. तो चोळीच्या आत सारून टाकता येत होता. मळ्यात पहिल्याच सकाळी तिला कळलं की सवत एवढ्यावर भागत नाही.

सटवाजीच्या विहिरीवर मोट चालायची. हरण्या आणि पवळ्या अशी जोडी. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतरणीवरून, खाली गेले की कातड्याची भरलेली मोट वर येई, थारोळ्याच्या दगडी कुंडात भडाभडा ओतली जाई, आणि मग त्यांना उलट्या पावलांनी धाव चढून मागं यावं लागे, तेव्हा रिकामी मोट पुन्हा पाण्यात जाऊन बुडे. आता उलटं चालायला कुठलं जनावर राजी असतं? त्याला चुचकारून, गाणं म्हणून मागं घ्यावं लागतं. त्या शिवारात प्रत्येक मोटकऱ्याचं आपलं आपलं गाणं होतं आणि त्यात तो आपल्या बायकोचं नाव घाली. हौस म्हणून नाही नुसती. बायको तिकडं खोरं घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायला उभी, मधे बहुतेक डोक्याएवढा ऊस, एकमेकांचं तोंड दिसत नाही. पाणी निघालं हे तिला कळावं कसं? सटवाजीचं गाणं दोन ओळींचं होतं.

सर मागं, पवळ्या, बुडू दे मोट,
दारं धर, मंजुळा, आला पाण्याचा लोट.

धुरपता पहिल्या दिवशी तिसऱ्या पाटाजवळ पदर खोचून उभी होती. नव्या नवरीचा हात दाखवायचा म्हणून चांगली गुडघ्याएवढ्या चिखलात. आणि तिकडून आवाज आला. भरदार, मोकळा, लांब ताणलेला आवाज. घरात हा माणूस "भाकर वाढ" आणि "दिवा लाव" याखेरीज बोलत नव्हता, आणि इथं शिवाराला ऐकू जाईल असं गात होता, तेही दुसरीच्या नावानं. पाणी येऊन तिच्या पायाला लागलं. ते वळवायचं तिला सुचलंच नाही, एक वाफा फुटून गेला.

संध्याकाळी तिनं थोरल्या जावेला, पार्वतीबाईला, विचारलं. पार्वतीबाई मनानं वाईट नव्हती, पण सांगायला बसली की पोटात काही ठेवायची नाही. तिनं सगळं सांगितलं. मंजुळा जांभळाच्या झाडाखाली उभी राहायची, तिसऱ्या पाटाच्या तोंडाशी, उसाच्या मधून मोटेवरून तेवढीच जागा दिसायची. हिरवं लुगडं असायचं. तिकडून गाणं आलं की ती खोरं वर करायची आणि ओरडायची, "आलं वं, आलं!" मग तिकडं भावजी हसायचे. दिवसभर त्यांचं हेच चालायचं, आणि आम्हाला बायकांना हसू आवरायचं नाही. ती गेल्यावर महिनाभर मोट बंद होती. पुन्हा सुरू झाली तेव्हा भावजी तेच गाणं म्हणायला लागले, आणि म्हणताना अजून जांभळाकडं बघतात, असं पार्वतीबाई म्हणाली आणि पुढं म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नको. सांगून झाल्यावर सांगायची ही गोष्ट.

मनाला लावून घेऊ नको म्हणे. धुरपता दुसऱ्या दिवसापासून उसाच्या कडेला सरून डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. जाऊ खोटं बोलत नव्हती. नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर बसून सटवाजी धाव उतरायचा, पहिली ओळ बैलांकडं बघून म्हणायचा, आणि "दारं धर" आलं की मान आपोआप वळायची. मंजुळा म्हणताना त्याचे डोळे जांभळाखाली असायचे. तोंडावर असं काही यायचं की धुरपतानं ते घरात कधी पाहिलं नव्हतं, लग्नाच्या पाटावरही नाही. तिथं झाड होतं, झाडाची सावली होती, पाटाचं पाणी होतं. पण त्याला तिथं हिरवं लुगडं दिसत होतं, वर केलेलं खोरं दिसत होतं, कदाचित "आलं वं" सुद्धा ऐकू येत असेल. बाई मरून दोन पावसाळे झाले होते आणि ती दर मोटेला ताजी होऊन उभी राहत होती.

एक दिवस धुरपता मुद्दाम जाऊन तिथंच उभी राहिली. बरोबर जांभळाखाली. लुगडंही तिनं हिरवंच नेसलं होतं, माहेराहून आलेलं, एवढ्यासाठीच काढलेलं. गाणं आलं. दारं धर. सटवाजीची मान वळली, त्यानं तिला पाहिलं, आणि त्यानं डोळे उचलून दुसरीकडं नेले, लांब, पार शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीकडं. नाव घेतलं ते बाभळीकडं बघून. धुरपताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं त्या दिवशी खोऱ्यानं पाटाचा काठ असा फोडला की दीर विचारायला आला, वहिनी, रागराग कुणाचा करून राहिल्या? ती म्हणाली, लव्हाळ्याचा.

तक्रार करायची तर काय करायची? नवरा दारू पीत नव्हता, अंगावर हात टाकत नव्हता. हिंगोलीच्या बाजाराहून तिच्यासाठी बांगड्या आणायचा. पोरगी झाली तेव्हा त्यानं तोंड वाकडं केलं नाही. बारशाला त्याच्या बहिणीनं पोरीचं नाव मंजुळा ठेवा असं सुचवलं, तेव्हा बाळंतीण असून धुरपता पाळण्याजवळ उठून उभी राहिली आणि नाव गया ठेवायचं ठरलं आहे असं तिनंच सांगून टाकलं. ठरलं वगैरे काही नव्हतं. सटवाजी पाळण्याची दोरी ओढत राहिला. तो कधीच काही बोलत नसे, हेच तर दुखणं. बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. गाणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

तरी पोळ्याच्या दिवशी तिनं विषय काढलाच. सटवाजी बैलांची शिंगं रंगवत होता, खुशीत होता. तिनं हिंगुळाची वाटी पुढं धरली आणि हळूच म्हटलं की आता गाण्यात नाव बदलायला काय हरकत आहे, दारं तर मीच धरते. लोक काय म्हणतात, तेही सांगितलं. लोक काही म्हणत नव्हते, पण अशा वेळी लोकांना आणावं लागतं.

सटवाजीनं बराच वेळ एकाच शिंगावर रंग फिरवला. मग तो म्हणाला की मुक्या जीवांना त्याच नावाची सवय आहे. दुसरं नाव घेतलं तर बुजतील, नाडा पायात घेतील, एखादा विहिरीत जाईल. तेव्हा तू म्हणतीस ते खरं असलं तरी बैलांपायी ते जमायचं नाही.

धुरपतानं ते पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं. तिला उलट बरंच वाटलं. म्हणजे नवऱ्याचा दोष नाही, बैलांचा आहे. मग ती हरण्या-पवळ्यावर रुसली. त्यांना पेंड घालताना पुटपुटायची, तुमच्या जिभेला चव तिच्या हातची लागली व्हय रे. दोन वर्षं ती या समजुतीवर जगली. हसू नका. ज्याला मळा नाही, त्याला हे कळायचं नाही. बैल विहिरीत जाणं म्हणजे काय, ते तिला माहेरी बघून ठाऊक होतं.

मग हरण्या फऱ्याच्या रोगानं मेला. त्याच्या जागी सटवाजीनं नवा गोऱ्हा आणला, चांद्या, आणि तो जुन्या पवळ्याच्या जोडीनं जुंपला. धुरपता वाट बघत होती की आता हा गोऱ्हा बुजणार, आणि मग नवं नाव घालायला जागा होईल. गोऱ्हा आठवडाभर आडवातिडवा झाला आणि मग पवळ्याचं बघून बघून गाण्यावर मागं सरायला लागला. अगदी शहाण्यासारखा. धुरपता वाफ्यात उभी राहून विचार करायला लागली. या चांद्यानं मंजुळेला कधी पाहिलं नाही. तिच्या हातची पेंड खाल्ली नाही. त्याला हे नाव काय आणि ते काय? हा विचार एकदा आत गेला, तो निघेना.

सटवाजी नामदेवाच्या दर्शनाला नरसीला गेला तेव्हा तिनं ते केलं. बाईनं मोट हाकायची नसते, म्हणून तिनं दुपारची वेळ धरली, शिवार भाकरी खाऊन आडवं झालेलं. बैल जुंपले. कासरा मुठीत धरला. बैल धाव उतरले, मोट वर आली, ओतली. आता मागं घ्यायचे. तिनं घसा खाकरला आणि नवऱ्याच्याच चालीत म्हटलं:

सर मागं, पवळ्या, बुडू दे मोट,
दारं धर, धुरपता, आला पाण्याचा लोट.

पवळ्यानं कान हलवला आणि मागं सरायला लागला. चांद्या त्याच्याबरोबर. एक पाऊल चुकलं नाही. मोट खाली जाऊन डुबूक वाजली. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मग तिनं नावाच्या जागी गया म्हटलं, पार्वती म्हटलं, शेवटी चिडून दगड म्हटलं, धोंडा म्हटलं. बैल मागं सरत होते. त्यांना चाल पाहिजे होती. नावाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, कधीच नव्हतं.

तिकडं दारं धरायला कोणी नसल्यानं पाणी कांद्याच्या रोपात घुसून सगळं रोप आडवं झालं. धुरपता धावेवर बसली आणि रडली. खरं तर तिला नाचायला पाहिजे होतं, तिचं नाव बसत होतं गाण्यात, चांगलं बसत होतं. पण आता तिला कळलं होतं की मंजुळा बैलांना लागत नव्हती.

सटवाजी परत आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. तिनं भाकरी वाढली, वर ठेचा वाढला आणि समोर बसून सांगितलं.

"बैलं माझ्या नावानं बी येतेत. म्या मोट हाकून बघितली."

सटवाजीनं हातातला घास ताटात ठेवला. रोप कसं गेलं हे त्यानं विचारलं नाही. बाईनं मोट का हाकली हेही विचारलं नाही. त्यानं ताटात हात धुतला आणि बाहेर जाऊन बाजेवर बसला.

दुसऱ्या दिवशी मोट सुरू झाली, आणि गाणं नव्हतं. जिभेनं टक्‌टक्‌ करून, कासरा ओढून तो बैल मागं घेत होता. धुरपता जांभळाखाली कान टवकारून उभी. आज नाव बदलणार, निदान आज तरी. थारोळ्यात पाणी पडलं, पाटानं आलं, पायाला लागलं. कोणी तिला दारं धर म्हटलं नाही. तिच्या नावानं नाही, तिच्या सवतीच्याही नाही. संध्याकाळपर्यंत नाही, आठवडाभर नाही. मग बैलांनाही टक्‌टक्‌ची सवय झाली, बैलांचं काय.

धुरपता जिंकली होती. शिवारातून मंजुळेचं नाव गेलं होतं, तिनंच घालवलं होतं. बायका तिला म्हणायच्या, बराबर केलंस. पण जिंकल्याचं सुख तिला एक दिवस मिळालं असेल नसेल. तिच्या डोक्यात नवाच किडा शिरला. आधी मंजुळा निदान बाहेर तरी यायची. दर मोटेला नवऱ्याच्या तोंडातून निघायची, पाटातून वाहून जायची, दिवस मावळला की संपायची. आता ती त्याच्या आत बसून राहिली होती. तो भाकरी मोडताना गप्प असला तर तिला वाटे, तिच्याशी बोलून राहिला. तो पोरीला मांडीवर घेऊन उगाच हसला तर वाटे, तिला आठवून हसला. गाणं होतं तेव्हा सवत कुठं असते ते कळत होतं. आता ती कुठंही असू शकत होती.

आणि दुसरं, जे तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याचा तो आवाज तिला पाहिजे होता. नाव कुणाचंही असो, त्या आवाजात पाणी तिच्याकडं येत होतं इतकी वर्षं. कितीदा तिच्या ओठावर आलं की म्हणा की हो, पहिल्यासारखं. म्हटलं असतं तर काय जिभेला काटा टोचणार होता? पण म्हणायचं म्हणजे मंजुळेला परत बोलवायचं, आपल्या तोंडानं. ते तिच्यानं झालं नाही. असा हट्टी स्वभाव आणि असा मुका नवरा, वर्षं अशीच गेली. जांभूळ वाढलं, गया लग्नाला आली, पवळ्या म्हातारा झाला.

मग ते वाईट वर्ष आलं. डोंगरकडा निजामाच्या मुलुखात, तिथं गावागावातून हत्यारी टोळ्यांची धास्ती पसरली, रात्री जाळपोळ होऊन राहिली म्हणून बातम्या यायच्या, आणि लोक बैलगाड्या जुंपून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जायला लागले. सटवाजीनंही गाडी जुंपली. म्हातारा पवळ्या आणि चांद्या, गाडीत धुरपता, गया, ज्वारीची दोन पोती. नदीपलीकडं आंब्याच्या राईत अशी कितीतरी कुटुंबं उतरली होती. पावसाळा लागला, जमीन ओली, आणि सटवाजीला हिवताप भरला.

तो झाडाखाली गोणपाटावर पडून होता. दुपारची वेळ होती, पाऊस उघडलेला. धुरपता त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती, आणि त्याचे ओठ हलायला लागले. तिला वाटलं पाणी मागतो. तिनं कान जवळ नेला.

तो गाणं म्हणत होता. इतक्या वर्षांनी. आवाज नुसत्या श्वासाचा होता, पण चाल तीच. सर मागं, पवळ्या, बुडू दे मोट. दारं धर, असं तो म्हणाला. आणि थांबला. ओठ मिटून घेतले. एक नाव मावेल एवढा वेळ गेला, आणि मग तो पुढं म्हणाला, आला पाण्याचा लोट.

तापात माणसाला आपण कुठं आहोत ते कळत नाही. त्याच राईत उतरलेला मेहुणा समोर येऊन बसला, त्याला सटवाजीनं सकाळी ओळखलं नव्हतं. पण बायकोसमोर ते नाव घ्यायचं नाही, एवढं त्याला तापातही कळत होतं. दर वेळी तो त्या जागेपाशी येई, थांबे, ती जागा रिकामी सोडे आणि पुढं जाई.

धुरपताला दोन गोष्टी करता आल्या असत्या. घ्या हो तिचं नाव, असं म्हणता आलं असतं. नाहीतर काही न बोलता त्याचा हात धरता आला असता. तिनं तिसरीच केली. ती वाट बघत राहिली. कान त्याच्या तोंडाशी लावून ती वाट बघत होती की त्या रिकाम्या जागेत तो आता, निदान आता, एकदा, धुरपता म्हणेल. मरणाच्या दारातल्या माणसाकडून तिला तेवढं पाहिजे होतं. ऊन खाली गेलं. त्याचे ओठ हलायचे थांबले, तेव्हाही ती कान लावून होती. गयानं हंबरडा फोडला तेव्हा तिला कळलं.

बायकांनी तिचं डोरलं काढलं, कुंकू पुसलं. त्याच दोऱ्यात टाक होता. आता सवतीच्या टाकाचं काय करायचं, कुणाला सुचेना. कोणी म्हणालं, नदीत सोड. धुरपतानं तो मुठीत धरला आणि नव्या काळ्या दोऱ्यात ओवून परत गळ्यात घातला. का, ते तिनं सांगितलं नाही आणि त्या घटकेला तिलाही सांगता आलं नसतं.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. गाड्या परत फिरल्या. मळ्यात गवत माजलं होतं, विहीर तुडुंब होती. दिरानं गहू पेरून दिला आणि मोटेवर शेजारच्या तांड्यावरचा लालसिंग ठेवून दिला. तरणा, नुकतं लग्न झालेला, कामाचा. पण बैल त्याला दाद देईनात. त्याची टक्‌टक्‌ वेगळी, त्याची हाक वेगळी. म्हातारा पवळ्या धावेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहायचा तो राहायचाच. शेवटी शेजारच्या मळेकऱ्यानं लालसिंगला जवळ बोलवून शिकवलं की या विहिरीवर पूर्वी अमुक गाणं चालायचं, ते म्हणून बघ, आणि बायकोचं नाव तुझ्या बायकोचं घाल, तशी रीतच आहे.

धुरपता जांभळाखाली दारं धरून उभी होती. तिकडून गाणं आलं. सर मागं, पवळ्या, बुडू दे मोट. तिच्या हातातलं खोरं थांबलं. म्हातारा पवळ्या मागं सरायला लागलेला तिला लांबून दिसला. दारं धर, रूपा, आला पाण्याचा लोट.

तिनं खोरं टाकलं आणि चिखलाच्या पायांनी तरातरा धाव चढून वर गेली. लालसिंग नाड्यावरून उतरून उभा राहिला. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना. इतक्या दिवसांत ही बाई कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"रूपा न्हाई," ती म्हणाली. "हितं मंजुळा म्हणायचं."

लालसिंगनं मान हलवली. मग भीत भीत विचारलं, "तुमचं नाव मंजुळा हाय का, बाई?"

धुरपताचा हात गळ्यातल्या टाकाकडं गेला. आयुष्यभर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बाईनं घ्यायचं नसतं, मेल्यावरही नाही. हाक मारायची तर कशी मारायची? आणि तो ज्या नावाला येत होता ते एकच होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "पण आमचं मालक त्याच नावाला येतेत."

लालसिंगला त्यातलं काही कळलं नसावं. ती खाली गेली, खोरं उचललं आणि जांभळाखाली उभी राहिली. लालसिंगनं बैल मागं घेतले. दारं धर, मंजुळा. परक्या पोराचा पातळ आवाज होता, पण चाल तीच होती. धुरपतानं वर पाहिलं, आणि नाड्यावर सटवाजी बसलेला होता, मुंडाशाचं टोक खांद्यावर, मान वळलेली. जांभळाकडं बघत होता. ती उभी होती तिथंच बघत होता, आणि या खेपेला त्यानं डोळे बाभळीकडं नेले नाहीत. तो कुणाला बघतो आहे, ते धुरपताला पक्कं ठाऊक होतं. बघ मेल्या, ती मनात म्हणाली, बघ तिलाच. पण ती जागची हलली नाही. पाणी पाटातून आलं, तिच्या पायांना लागलं.

इतक्या वर्षांत जे तिनं एकदाही केलं नव्हतं, ते केलं. खोरं वर धरलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "आलं वं, आलं!"